तोंडातून जाणारी शिवी : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला टुरेट सिंड्रोम आहे, आणि टुरेट असणाऱ्यांपैकी थोड्याच जणांना होणारा त्रासही त्याच्या वाट्याला आला आहे. त्याच्या तोंडून नकळत शिव्या जातात. गेली साडेचार वर्षं पुण्यात बसमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, मंगल कार्यालयात, शाळेच्या पालकसभेत लोक आम्हाला प्रश्न विचारत आले आहेत. काहींनी रागाने विचारलं, काहींनी काळजीने, आणि बऱ्याच जणांनी दबक्या आवाजात, मला बाजूला घेऊन. तेच प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत. मी डॉक्टर नाही. मी त्याची आई आहे, आणि या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि घरात रोज पाहिलं, ते लिहिते आहे.

तुमचा मुलगा शिव्या का देतो?

तो देत नाही. मराठीत शिवी ‘देतात’, म्हणजे देणारा असतो आणि जिला किंवा ज्याला दिली तोही असतो. इथे देणारा कुणीच नाही. उचकी लागते, शिंक येते, तशी त्याच्या तोंडातून शिवी जाते. आमच्या घरात आम्ही ठरवून ‘शिवी गेली’ असंच म्हणतो. सुरुवातीला मला वाटलं होतं, एका क्रियापदाने काय फरक पडणार? पण सगळ्यात आधी बदलल्या त्या माझ्या सासूबाई. ‘हा मला शिवी देतो’ म्हणून त्या दोन-दोन दिवस त्याच्याशी अबोला धरायच्या. आता त्याच्या तोंडून शिवी गेली की त्या भाजी निवडता निवडता ‘गेली का? बरं, पुढे सांग’ म्हणतात आणि तो पुढे सांगतो.

टुरेट म्हणजे नक्की काय?

मेंदूतल्या हालचालींवर लगाम ठेवणाऱ्या यंत्रणेतला बिघाड. त्यामुळे माणसाच्या हातून अचानक, पुन्हा पुन्हा, त्याच त्या हालचाली होतात किंवा तोंडातून आवाज निघतात. त्यांना टिक्स म्हणतात. डोळे मिचकावणं, मान उडवणं, खांदा उचलणं, नाक ओढणं, घसा खाकरणं, मध्येच किंचाळणं. बघणाऱ्याला ते ‘चाळे’ वाटतात, आणि आपल्याकडे पहिली दोन-तीन वर्षं मुलाला ‘चाळे बंद कर’ हेच ऐकावं लागतं.

हालचालींच्या एकाहून जास्त टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक, हे सगळं वर्षाहून अधिक काळ, आणि सुरुवात अठरा वर्षांच्या आत झालेली असली, तर डॉक्टर टुरेट म्हणतात. बहुतेक मुलांत पाच ते सात वर्षांच्या सुमारास ते सुरू होतं. आधी चेहरा आणि मान, नंतर आवाज. मुलग्यांमध्ये मुलींच्या तीन-चार पट जास्त. टिक्स एकसारख्या राहत नाहीत. एक जाते, दुसरी येते, महिनाभर सगळं शांत असतं आणि मग परीक्षा, जागरण, ताप किंवा नुसता आनंदसुद्धा त्यांना वर काढतो.

हा मुलगा वेडा नसतो, मतिमंद नसतो. टिक्सना लोक ‘झटके’ म्हणतात आणि मग फिट येण्याशी त्यांचा गोंधळ होतो. फिटमध्ये बहुधा भान हरपतं किंवा ताबा पूर्ण जातो. टिक्समध्ये मूल पूर्ण भानावर असतं, आणि तेच त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असतं.

म्हणजे टुरेट हा शिव्यांचाच आजार ना?

नाही. टुरेट असलेल्या साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांनाच शिव्यांची टिक असते, म्हणजे दहांतल्या आठ-नऊ जणांना नसते. निदानासाठी तिची गरजही नसते. तरी जगभर टुरेट म्हटलं की लोकांना शिव्याच आठवतात, कारण ऐकणारा चमकतो तो शिवीनेच. खांदा उडवणाऱ्या मुलाकडे कुणी वळून बघत नाही.

याला जुनं कारणही आहे. ज्या १८८५ साली आपल्याकडे फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला टुरेट या तरुण डॉक्टरने नऊ रुग्णांवर लेख लिहिला. शिव्यांच्या टिकला त्याने दिलेलं ‘कोप्रोलालिया’ हे नाव आजही चालतं. ग्रीक भाषेत कोप्रोस म्हणजे विष्ठा आणि लालिया म्हणजे बोलणं. याच्याही साठ वर्षं आधी, १८२५ मध्ये, इतार्द या फ्रेंच डॉक्टरने एका खानदानी घरातल्या बाईची हकीकत नोंदवली होती. उच्च कुळातली, सुसंस्कृत बाई, आणि चारचौघांत तोंडून अर्वाच्य शब्द. पुढे टुरेटनेही तिची हकीकत आपल्या लेखात घेतली. पहिल्या हकीकतीतच शिव्या होत्या म्हणून लोकांच्या डोक्यात त्या कायमच्या बसल्या.

शाळेत तासभर गप्प बसतो, मग घरीच कसं सुरू होतं? म्हणजे थांबवता येतंच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. नातेवाइकांनी विचारला, शिक्षकांनी विचारला, आणि कबूल करते, पहिल्या वर्षी मी स्वतःही त्याला हेच विचारत होते.

टिकच्या आधी एक उबळ येते. खोकल्याची येते तशीच. माझा मुलगा म्हणतो, घशाच्या खाली काहीतरी दाटून येतं आणि तो शब्द बाहेर पडल्याशिवाय ते उतरत नाही. कीर्तनाला बसल्यावर खोकल्याची उबळ आली तर आपण काय करतो? ओठ घट्ट मिटतो, गिळतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि मिनिटभर दाबून धरतो. त्या मिनिटात बुवा काय बोलले ते आपल्याला सांगता येतं का? तेच तो सहा तास करतो. गणिताच्या तासाला त्याचं अर्धं लक्ष गणितात असतं आणि अर्धं स्वतःच्या तोंडावर पहारा देण्यात.

सातवीत असताना एकदा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. तो आला, माझ्याकडे न बघता स्कूटरवर मागे बसला, हेल्मेट घातलं. काच खाली ओढली. आणि कर्वे रस्त्यावरून घरी येईपर्यंत त्या हेल्मेटच्या आत एकामागून एक शिव्या जात होत्या, बारीक आवाजात, जवळजवळ न थांबता. घराखाली उतरल्यावर त्याने काच वर केली तेव्हा तिच्यावर आतून वाफ धरली होती. म्हणाला, ‘आई, झालं. आता भूक लागली.’

दाबून धरता येतं, हे खरं. पण किती वेळ, आणि कशाच्या मोबदल्यात, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. घरी जास्त येतं, कारण घरी त्याला भीती कमी असते.

पण शिवीच का? ‘राम राम’ का नाही?

कारण ‘राम राम’ म्हणायला बंदी नाही.

मला समजलं ते असं. मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. मेंदूच्या वरच्या थरातून निघालेले ‘हे कर’ असे संदेश या पुंजक्यांतून फिरून परत वर जातात, आणि त्या फेरीत कुठला संदेश पुढे सोडायचा आणि कुठला अडवायचा हे ठरतं. डोपामिन हे रसायन या कामात महत्त्वाचं आहे. टुरेटमध्ये ही अडवणूक कच्ची पडते आणि सुटायला नको ते सुटतं. याच पुंजक्यांचा भावनांशी जोडलेल्या भागांशीही संबंध आहे, आणि शिवी हा नुसता शब्द नसतो, ती भावनेने भरलेली असते.

आपण विचार करून बोलतो ते वाक्य आणि ठेच लागल्यावर तोंडून निघणारं ‘आई गं’ किंवा ‘च्यायला’, हे मेंदूच्या एकाच वाटेने येत नाही. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसांमध्ये हे दिसतं. स्वतःच्या बायकोचं नाव सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही, पण संताप झाला की शिवी मात्र स्वच्छ बाहेर पडते. घरच्यांना वाटतं, ढोंग करतोय. ते ढोंग नसतं, वाट वेगळी असते.

या टिकची गंमत म्हणा किंवा क्रूरपणा, असा की ती निषिद्ध शब्दच शोधून काढते. जिथे जो शब्द उच्चारायचा नसतो, तिथे तोच. ऐकू न येणाऱ्या आणि खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसांना टुरेट असेल, तर त्यांच्या हातांतून शिवीची खूण जाते. म्हणजे जिभेचं वळण वगैरे काही नाही. काही जणांत शब्दाऐवजी अश्लील हातवारे होतात, काहींना समोरच्याचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. आणि काहींच्या शिव्या फक्त मनात घोळतात, बाहेर येत नाहीत, त्याचाही त्रास होतोच.

घरात कुणी असं बोलतं का? कुठे शिकला?

आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण पुण्यात राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ‘भ’ची बाराखडी माहीत नाही असं कुणी म्हणू नये. रिक्षाच्या रांगेत, मैदानावर, वरच्या मजल्यावरच्या दादांच्या फोनवर ती कानावर पडतेच. तुमच्या मुलांनाही माहीत आहे. त्यांच्या मेंदूचा लगाम शाबूत आहे, एवढंच.

संस्कारांचं म्हणाल तर मला इथे जरा ठामपणे बोलू द्या, कारण या एका शब्दाने आम्हाला फार छळलं आहे. हा शब्द वाईट आहे, तो मोठ्यांसमोर, देवासमोर, बाईमाणसासमोर बोलायचा नाही, हे माझ्या मुलाला अगदी आतपर्यंत कळलेलं आहे. ते कळलेलं आहे म्हणूनच टिक त्या शब्दाला धरते. ज्याला शिवीचं काहीच वाटत नाही त्याला ती दाबून धरायचं कारणच नसतं. माझा मुलगा रोज तास न् तास दाबून धरतो. तोंडात मिरची कोंबा, दोन थोबाडीत द्या, असे सल्ले आम्हाला दिले गेले. एका शाळेत त्याला महिनाभर वर्गाबाहेर बसवलं होतं. धाकाने उबळ वाढते. त्या महिन्यात त्याच्या टिक्स दुप्पट झाल्या आणि नखं कुरतडून बोटं रक्ताळली. आम्ही शाळा बदलली.

मराठीतच शिव्या येतात का?

त्याच्या मराठी आणि हिंदी येतात, अधूनमधून इंग्रजी. दोन भाषा बोलणाऱ्यांना दोन्हींतल्या येऊ शकतात. सूर मात्र बोलण्याचा नसतो. बोलता बोलता वाक्य जिथे क्षणभर थांबतं तिथे तो शब्द घुसतो, आवाज एकदम चढतो किंवा चिरका होतो, आणि पुढच्या क्षणी मूळ वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे चालू लागतं. ‘आई, उद्या मला चार वह्या’, मग शिवी, मग ‘दोनशे पानी पाहिजेत.’ रागाने दिलेल्या शिवीचा सूर तुम्हाला ओळखता येतो ना? थोडे दिवस सोबत राहिलात की हाही ओळखता येईल.

तो जे बोलतो ते त्याच्या मनात असतंच ना?

नाही, आणि हे उत्तर घाईने वाचू नका.

टिक कधी कधी समोरची परिस्थिती बघून येते. टक्कल पडलेले गृहस्थ दिसले की टकलावरून, जाड बाई दिसल्या की त्यावरून, कुणाच्या जातीधर्माचा अंदाज आला की नेमका तोच शब्द, जो आपण कुणीही कधीच उच्चारू नये. यामुळे लोकांना वाटतं, हा बघून, ठरवून बोलतो. तो बघतो, हे खरं. बघितल्याबरोबर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘हे म्हणायचं नाही’ असा. आणि जे म्हणायचं नाही तेच सुटतं. उंच कड्यावर उभं राहिल्यावर ‘उडी मारली तर’ असं क्षणभर कुणाच्याही मनात येऊन जातं. ती इच्छा नसते. आपला मेंदू ते तिथेच अडवतो, त्याचा अडवत नाही.

आमच्या घरी गणपती बसतात. तो अकरा वर्षांचा होता त्या वर्षी आरती सुरू झाली, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’चं पहिलं कडवं संपलं, टाळ क्षणभर थांबले, आणि गणपतीकडे बघत त्याच्या तोंडून शिवी गेली. खोलीत वीसेक माणसं होती. कुणी काही बोललं नाही, ते जास्त वाईट. तो आत जाऊन कपाटामागे बसला आणि देवाची माफी मागत राहिला. रात्री साडेअकरापर्यंत त्याने काही खाल्लं नाही. नवसाने, भक्तीने ज्या मूर्तीसाठी त्याने स्वतः दूर्वांच्या जुड्या बांधल्या होत्या, तिच्याबद्दल त्याच्या मनात काय होतं हे मला त्या जुड्यांवरून कळतं. शिवीवरून काहीच कळत नाही.

मात्र ज्या माणसाला तो शब्द लागला, त्याचं दुखणं खोटं नसतं. हेतू नव्हता म्हणून इजा झालीच नाही, असं मी कधीच म्हणत नाही. आम्ही माफी मागतो, कारण सांगतो. तेवढ्याने समोरच्याचं समाधान झालं नाही तर तोही त्याचा हक्क आहे.

बाहेरचं काही असेल का? एकदा दाखवून बघितलंत का?

हे विचारणारे बहुतेक वेळा प्रेमापोटी विचारतात. वेगळाच आवाज, तोंडी न शोभणारे शब्द, देवासमोर वाढणारा त्रास, या सगळ्यामुळे पूर्वीच्या लोकांना अंगात आल्यासारखं, बाधा झाल्यासारखं वाटलं असणार. पण हे मेंदूचं दुखणं आहे. टुरेट बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. माझ्या माहेरी एक मामा आयुष्यभर मान उडवायचे आणि सगळे त्यांना ‘मानेची सवय आहे’ म्हणायचे.

अंगारा लावून कुणाच्या मनाला बरं वाटत असेल तर मी वाद घालत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला आपल्याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्या पुलावरून जाताना मला दर वेळी वाटतं, माझ्या मुलाच्या पाठीवर वळ उठले नाहीत यात त्यांचाही वाटा आहे.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं? येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यावं लागतं का?

येरवड्याला न्यावं लागत नाही. ही भीती पुण्यातल्या आज्या-आजोबांच्या मनात खोल आहे, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही याचं निदान करू शकतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. आम्ही आधी डोळे मिचकावतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, मग घसा खाकरतो म्हणून कान-नाक-घशाच्या, मग ॲलर्जीच्या. तीन वर्षं त्यात गेली. आमच्यासारखीच वाट तुडवलेले बरेच पालक मला भेटले आहेत.

टुरेटसाठी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्ये ते दिसत नाही. दुसरं काही नाही ना हे बघायला डॉक्टर एखादी तपासणी सांगू शकतात, पण निदान होतं ते हकीकत ऐकून आणि मुलाला बघून. दवाखान्यात मूल हमखास गप्प बसतं. म्हणून घरी, त्याला सांगून, त्याच्या परवानगीने फोनवर दोन-चार छोटे व्हिडिओ काढून न्या. सोबत लक्ष न लागणं, अतिचंचलता, पुन्हा पुन्हा हात धुणं किंवा मोजत बसणं असं काही असेल तर तेही सांगा. टुरेटसोबत हे फार वेळा असतं, आणि कित्येकदा टिक्सपेक्षा त्याचाच त्रास मोठा असतो.

औषध आहे का?

मुळापासून बरं करणारं नाही. टिक्स कमी करणारी आहेत. क्लोनिडिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन ही नावं तुमच्या कानावर पडतील. जुन्यांपैकी हॅलोपेरिडॉल. कुणाला झोप येते, कुणाचं वजन वाढतं, कुणाचं अंग ताठरतं. म्हणून किती आणि कधी हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. क्लोनिडिन अचानक सोडलं तर रक्तदाब उसळू शकतो. ज्या मुलाला टिक्सचा त्रास होत नाही त्याला औषध लागतच नाही, लोकांना त्रास होतो म्हणून द्यायचं नसतं.

औषधाशिवायचा मार्ग म्हणजे वर्तनोपचार. त्यात मूल आधी स्वतःची उबळ ओळखायला शिकतं आणि मग टिकच्या जागी तिला अडवणारी दुसरी क्रिया करतं. अमेरिकेत २०१० साली १२६ मुलांवर याचा मोठा अभ्यास झाला. दहा आठवड्यांत आठ बैठका. ज्यांना हे प्रशिक्षण मिळालं त्यांच्यातल्या जवळपास ५३ टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली, ज्यांना नुसती माहिती आणि धीर दिला त्यांच्यात १९ टक्के.

आवाजाच्या टिकसाठी सहसा तोंड मिटून नाकाने सावकाश, पोटातून श्वास घेणं शिकवतात. माझ्या मुलाने याच्या जोडीला स्वतःच एक शोध लावला. ‘भ’ ओठांवर आला की तो शब्दाला वळण देतो: ‘भाकरी’. दहांतून चार-पाच वेळा जमतं. रिक्षात बसल्या बसल्या मोठ्याने ‘भाकरी!’ ऐकू आलं की मी त्याचा हात दाबते, कारण त्या एका शब्दामागे त्याने किती जोर लावला आहे ते मला ठाऊक असतं.

पुढे बरं होतं का?

टिक्स बहुतेक मुलांत दहा ते बारा वर्षांच्या वयात सगळ्यात जोरात असतात आणि वयात आल्यावर बऱ्याच जणांच्या कमी होतात, काहींच्या जवळपास थांबतात. काहींच्या राहतात. माझ्या मुलाच्या तेराव्या वर्षापेक्षा आज कमी आहेत. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही.

मोबाईलवर असे व्हिडिओ बघून मुलांना हे लागतं का?

टुरेट बघून लागत नाही. पण टिक्ससारखा दिसणारा एक वेगळा त्रास आहे. कोविडच्या काळात, २०२० नंतर, अनेक देशांत डॉक्टरांकडे अशी मुलं, त्यातही किशोरवयीन मुली, मोठ्या संख्येने येऊ लागल्या. काल काही नव्हतं आणि आज एकदम शिव्या, लांबलचक वाक्यं, स्वतःला मारून घेणं. टुरेट लहानपणी, हळूहळू, डोळ्या-मानेपासून सुरू होतं आणि शिव्या आल्याच तर सहसा काही वर्षांनी येतात. त्या दुसऱ्या त्रासामागे बऱ्याचदा चिंता, ताण असतो आणि उपचार वेगळे असतात. तोही खरा त्रास आहे, नाटक नाही.

आमचे आजोबा सत्तरीत अचानक शिव्या द्यायला लागलेत. हे तेच का?

नसावं. म्हातारपणी स्वभावच बदलला, लाज राहिली नाही, बोलण्याचं भान सुटलं, तर स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, पक्षाघात, औषधांचा परिणाम अशी वेगळी कारणं असू शकतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

शाळेने काय करावं?

आत्ताच्या शाळेतल्या वर्गशिक्षिकांनी पहिल्या आठवड्यात एक तास घेतला. मुलाला आधी विचारलं, ‘तू थांबतोस की बाहेर जातोस?’ तो म्हणाला, थांबतो. त्यांनी फळ्यावर ‘शिंक’ लिहिलं आणि मुलांना म्हणाल्या, दहा मिनिटं कुणी पापणी लववायची नाही, बघू. मिनिटभरातच सगळे हरले. त्यानंतर वर्गात त्याच्या शिवीकडे कुणी वळून बघेनासं झालं. महिनाभरात शिव्या कमी झाल्या, कारण लक्ष दिलं की त्या वाढतात.

आम्ही मागितलं ते एवढंच: दाराजवळचा बाक, न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा, आणि लेखी परीक्षेला वेगळी खोली, म्हणजे इतरांनाही त्रास नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत टुरेटचं वेगळं नाव नाही. पण सोबत अध्ययन अक्षमता असेल तर ती यादीत आहे, तेव्हा तिची तपासणी करून घ्या.

बसमध्ये, मेट्रोत कुणी अंगावर आलं तर?

आलेत. स्वारगेटच्या बसमध्ये एका बाईंना वाटलं, त्यांनाच उद्देशून बोलला. त्यांचा राग मला समजतो, आपल्या मुलीबाळी रोज बसमध्ये काय काय सोसतात ते मलाही माहीत आहे. आता त्याच्या खिशात एक कार्ड असतं, मराठीत चार ओळी: मला टुरेट हा मेंदूचा आजार आहे, माझ्या तोंडून नकळत शब्द जातात, ते तुम्हाला उद्देशून नाहीत, माफ करा. मागे माझा नंबर. सोबत डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स.

पोलिसांचं विचाराल तर, १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याचा ‘हेतू’ असणं महत्त्वाचं धरलं आहे. पण हेतू नव्हता हे रस्त्यावर उभं राहून पटवायचं असतं, आणि तेव्हा कागद कामी येतो. मुलगा मोठा होत असेल तर हा कागद करून ठेवाच.

एवढ्या आवाजात त्याला ढोल पथकात कसं पाठवता?

तो ताशा वाजवतो, कानात बोळे घालून. मन आणि हात दोन्ही गुंतले की टिक्स बऱ्याच जणांत कमी होतात. नदीपात्रात सरावाला तो दोन तास वाजवतो तेव्हा एक शिवी जात नाही, मान उडत नाही. हात थांबले की पाच मिनिटांत सगळं परत येतं. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा काठावर उभी राहून रडले होते. इतका वेळ शांत असलेला त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

ऐकल्यावर हसू आलं तर?

येऊ दे. त्यालाही कधी कधी येतं. तो हसला तर त्याच्यासोबत हसा. तो हसत नसेल तर बोलणं चालू होतं तिथून पुढे न्या. ‘शांत हो’, ‘कंट्रोल कर’ एवढं मात्र म्हणू नका.

तुम्ही कसं सोसता?

दमते. माझ्यासारखं कुणी दमलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मी एका रात्री दोन वाजता केला होता. पलीकडच्या मुलीने माझं फक्त ऐकून घेतलं, आणि मला तेवढंच हवं होतं.

घरात लग्न आहे. त्याला बोलवावं का? वाईट वाटायला नको, म्हणून विचारतो.

बोलवा. पत्रिकेवर त्याचंही नाव घाला. दारापाशी दोन खुर्च्या ठेवा, म्हणजे उबळ वाढली तर तो आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन येऊ. गुरुजींना आणि मुलीकडच्यांना आधी एका वाक्यात सांगून ठेवा, नंतर सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. मंगलाष्टकांच्या वेळी तो आत नसला तरी ‘सावधान’ ऐकू आलं की दारातून त्याच्या अक्षता पडतील, तेव्हा वाटताना त्याच्या मुठीत द्यायला विसरू नका. आणि जेवायला पहिल्या पंगतीत बसवा, जिलेबी त्याला फार आवडते.